चंद्राशेजारी कृत्तिका, पुष्य, गुरू, शुक्र : कोल्हापुरातून बघायचे कसे, टिपायचे कसे

मावळतीकर

"आज चंद्र-गुरू युती, चुकवू नका" असा निरोप महिन्यातून एकदा फिरतो आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच फोटो : काळ्या आभाळात एक पांढरा फुगा, बाजूला एक पांढरा ठिपका. चंद्रावर ना डाग, ना विवरे. ग्रह कोणता ते मथळा वाचल्याशिवाय कळत नाही. दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. वेळ, चौकट आणि एक्स्पोजर या तिन्हींत गफलत होते. म्हणून हा धागा, शक्यतो आकड्यांत बोलूया.

आधी चौकट. चंद्राचा व्यास सुमारे अर्धा अंश. कृत्तिकांचा पुंज (ताऱ्यांचा झुबका) साधारण दोन अंश, पुष्यातला दीड अंश, रोहिणी शकटाचा, म्हणजे रोहिणीजवळच्या ताऱ्यांचा 'व्ही' सुमारे साडेपाच अंश. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (२२.३ × १४.९ मिमी) ५० मिमी लेन्सची चौकट २५ × १७ अंश येते, २०० मिमीची ६.४ × ४.३, ३०० मिमीची ४.३ × २.८ आणि ४०० मिमीची ३.२ × २.१. जोडीतल्या अंतराच्या दीडपट ते दुप्पट चौकट घ्यावी. चंद्र कृत्तिकांपासून दोन अंशांवर असेल तर २०० मिमी बरोबर. चार अंशांवर असेल तर १३५. ४०० मिमी फक्त दोन्ही अगदी खेटून असतील तेव्हाच.

सेन्सरवर चंद्राचा आकार काढायला लेन्सची लांबी ११५ ने भागा. २०० मिमीला १.७ मिमी, म्हणजे ३.९ मायक्रॉनच्या पिक्सेलवर जेमतेम ४५० पिक्सेल. यात विवरांचा तपशील शोधत बसू नये. जोडीच्या फोटोत चंद्र लहानच दिसणार.

नुसते बघायचे असेल तर १०×५० द्विनेत्री पुरते. तिच्यावर '११४ मी / १००० मी' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ साडेसहा अंशांचे क्षेत्र. चंद्र आणि कृत्तिका दोन्ही आरामात मावतात. दुर्बिणीचे क्षेत्र एका अंशाच्या आत असेल तर जोडी दिसतच नाही, दोघांना आळीपाळीने बघावे लागते.

बाकीच्यांनी भर घाला. पंचांगवाले, तुमचीच वाट बघतोय.

तिथीपाहुणा

आलोच.

पंचांगात 'चंद्र कृत्तिकेत' वाचून लोक त्याच क्षणी वर बघतात आणि तारे नऊ-दहा अंश लांब दिसले की पंचांगाला नावे ठेवतात. पंचांगातले नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कलांचा पट्टा (६० कला म्हणजे १ अंश). प्रत्यक्ष तारे त्या पट्ट्यात कुठेतरी असतात, सुरुवातीलाच असतील असे नाही. चित्रापक्षीय अयनांश (चित्रा ताऱ्यावरून पट्ट्यांची सुरुवात ठरवायची पद्धत) धरून हिशेब असा बसतो :

कृत्तिकांचे तारे पट्ट्याच्या सुरुवातीपासून सुमारे ९.५ अंशांवर आहेत. चंद्र दिवसाला ११.८ ते १५.२ अंश सरकतो, म्हणजे कृत्तिका नक्षत्र लागल्यावर १५ ते १९ तासांनी चंद्र ताऱ्यांच्या शेजारी येतो. पुष्याचा पुंज सुमारे १० अंशांवर, तिथे १६ ते २० तास. रोहिणी आणि मघा हे तारे सहा अंशांच्या आसपास, तिथे साडेनऊ ते बारा तास. चित्रेचा तारा मात्र पट्ट्याच्या बरोबर मध्यावर, कारण हे अयनांश मुळात त्याच ताऱ्यावरून ठरवलेत.

आता कोणत्या महिन्यात बघायचे. कृत्तिकांजवळ बारीक कोर हवी असेल तर चैत्र. गुढीपाडव्यानंतर तृतीया ते षष्ठीच्या दरम्यान, संध्याकाळी पश्चिमेला. फाल्गुनात षष्ठी ते अष्टमी, म्हणजे जवळपास अर्धा चंद्र. कार्तिकात थेट पौर्णिमा, फोटोच्या दृष्टीने बाद. पहाटेची कोर जून-जुलैत येते आणि त्या दिवसांत कोल्हापूरचे आभाळ कसे असते ते सांगायला नको. म्हणून आपल्याकडे वर्षातून खरी संधी चैत्रात एक, फारतर फाल्गुन धरून दोन.

पुष्यासाठी ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी ते षष्ठी, किंवा पितृपक्षातल्या पहाटा, नवमी ते द्वादशी. पितृपक्षातल्या जास्त बऱ्या. पावसाने हवा धुतलेली असते, ढग नसले की आभाळ काचेसारखे.

रात्रपाळी_९

तिथीपाहुणा, हे वहीत उतरवून घेतले. एक शंका. कृत्तिका दरवर्षी सारख्याच अंतरावर का नसतात? काही वर्षी चंद्र चार-पाच अंश लांबून जातो.

तिथीपाहुणा

चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी (सूर्याच्या आभाळातल्या वार्षिक वाटेशी) सुमारे ५.१ अंश कललेली आहे आणि राहू-केतू, म्हणजे या दोन वाटा छेदतात ते बिंदू, १८.६ वर्षांत एक फेरी मारतात. कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या ४ अंश उत्तरेला. चंद्र उत्तरेला पुरता सरकलेला असतो त्या काही वर्षांत तो पुंजाच्या अंगावरून जातो, नाहीतर खालून. सध्याची पिधानांची (चंद्राने तारे झाकण्याची) मालिका २०२३ ला सुरू झाली, २०२९ पर्यंत चालेल. म्हणजे आत्ताचीच वर्षे महत्त्वाची. पुष्याचा पुंज क्रांतिवृत्तापासून फक्त सव्वा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे ग्रहसुद्धा त्याच्या अंगावरून जाऊ शकतात. रोहिणी तारा साडेपाच अंश दक्षिणेला, तिचे पिधान विरळा.

शटर_शास्त्री

एक्स्पोजरकडे वळतो, रडगाणे तिथेच जास्त.

चंद्र उन्हात पडलेला दगड आहे, तो दिव्यासारखा मोजायचा नाही. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ/११, १/१२५ पुरते. अर्ध्या चंद्राला आयएसओ २००, एफ/८, १/१२५. बारीक कोरीला आयएसओ २००, एफ/५.६, १/६०. इथून एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर-खाली करून बघा. कॅमेऱ्याला ऑटोवर ठेवले तर तो काळे आभाळ उजळायला जातो आणि चंद्र फाटतो. पांढरा फुगा तिथे तयार होतो.

पृथ्वीप्रकाश, म्हणजे कोरीच्या कुशीतला राखाडी गोल, कोरीपेक्षा हजारो पटींनी मंद असतो. त्याला आयएसओ ८००, एफ/५.६, १ ते २ सेकंद. इथे कोर जळणार (पांढरीफेक होणार), ते मान्य करून घ्यायचे. चांगला पृथ्वीप्रकाश तृतीया-चतुर्थीपर्यंतच. षष्ठीला तो जवळपास संपतो.

ग्रहांचे गणित वेगळे. शुक्राचा पृष्ठभाग चंद्रापेक्षा कितीतरी उजळ, त्यामुळे चंद्राच्या एक्स्पोजरला शुक्र जळतोच. गुरूवर ऊन पृथ्वीच्या सत्तावीसाव्या हिश्श्याएवढे, पण त्याचे ढग उजळ, म्हणून त्याला पूर्ण चंद्राच्या साधारण सहापट एक्स्पोजर लागते. शनीला वीसपटीच्या आसपास. म्हणजे चंद्र आणि शनी एका फ्रेममध्ये दोन्ही 'बरोबर' येणे शक्य नाही.

गुरूचे चार चंद्र हवे असतील तर ३०० मिमीला आयएसओ ८००, अर्धा सेकंद. गुरू जळेल, उपग्रह येतील. सर्वात बाहेरचा कॅलिस्टो गुरूपासून फारतर चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा लांब जातो, त्यामुळे तो ठिपका शेजारचा तारा समजून पुसू नये. असे पुसलेले फोटो पाहिलेत.

कृत्तिका : ट्रॅकर (आभाळाबरोबर कॅमेरा फिरवणारे यंत्र) नसेल तर आयएसओ ३२००, एफ/४ किंवा ५.६, अर्धा सेकंद, असे तीस फ्रेम.

पिक्सेलमोजे

अर्धा सेकंदच का, ते सांगतो. '५०० भागिले फोकल लेंग्थ' हा जुना नियम २०० मिमीला क्रॉपवर १.७ सेकंद देतो. तो फिल्मच्या जमान्यातला. आकाशातल्या विषुववृत्ताजवळ तारे सेकंदाला १५ विकला सरकतात (६० विकला म्हणजे १ कला). तुमच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल किती विकलांचा, त्याचे सूत्र : २०६ × पिक्सेल (मायक्रॉन) ÷ फोकल लेंग्थ (मिमी). ३.९ आणि २०० घातले की ४ विकला. कृत्तिका विषुववृत्ताच्या २४ अंश उत्तरेला असल्यामुळे वेग थोडा कमी, तरी सेकंदाला साडेतीन पिक्सेल तारा पळतो. १.७ सेकंदाला सहा पिक्सेलची काडी. अर्ध्या सेकंदाला दोन पिक्सेलच्या आत, चालवून घ्यावे.

स्टॅकिंगमध्ये (अनेक फ्रेम एकावर एक जुळवण्यात) एक खोड. तीस फ्रेमला एक मिनिट गेले तर तेवढ्यात चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत ३३ विकला, म्हणजे आठ पिक्सेल सरकतो. तारे जुळवून स्टॅक केला की चंद्राची कडा लोण्यासारखी पसरते. चंद्र मधल्या एकाच फ्रेममधून घ्या, तारे स्टॅकमधून.

भुदरगडवारा

जागेबद्दल लिहायला हवे, कारण 'शहराबाहेर जा' हा सल्ला अर्धवट आहे. शहर कोणत्या दिशेला राहते ते महत्त्वाचे.

पन्हाळा शहराच्या वायव्येला, त्यामुळे कोल्हापूरचा उजेड आग्नेयेला दिसतो. संध्याकाळची पश्चिम चांगली, पुसाटी बुरुजाच्या बाजूने मोकळी. पहाटेच्या पूर्वेकडच्या युतीला पन्हाळा घेऊ नका. मसाई पठार काळोखाला चांगले, पण तिथे वारा ट्रायपॉड हलवतो. गगनबावड्याला पश्चिमेला जमीनच संपते, कोकण खाली. क्षितिजालगतची कोर धरायला जिल्ह्यात याहून चांगली जागा नाही, फक्त घाटातून धुके वर आले की दहा मिनिटांत खेळ खलास. पहाटेसाठी भुदरगड : शहर उत्तरेला राहते, पूर्व बऱ्यापैकी काळी. राधानगरीकडे शहर ईशान्येला येते, म्हणून पहाटेला मध्यम. अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचा विचारही नको, गवे रस्त्यावर उतरतात.

शहरात राहूनच करायचे तर रंकाळा चौपाटी. पाण्यावरून पश्चिम मोकळी मिळते आणि चंद्र-शुक्राचे प्रतिबिंबही. चौपाटीचे दिवे थेट लेन्सवर पडतात, म्हणून लेन्सहूड हवाच. ग्रहांसाठी ही जागा ठीक, पुंजांसाठी नाही.

गुऱ्हाळधूर

हवेचे कोणी बोलले नाही म्हणून. नोव्हेंबर ते मार्च आभाळ निरभ्र असते हे खरे, पण तोच गळीत हंगाम. कारखान्यांच्या चिमण्या, गुऱ्हाळे आणि संध्याकाळी पेटवलेले पाचट. थंडीत हा धूर वर जात नाही, क्षितिजापासून आठ-दहा अंशांपर्यंत तपकिरी पट्टा धरून बसतो. डोक्यावरच्या हवेचा एक थर धरला तर १० अंश उंचीवर साडेपाच थरांतून बघावे लागते, ५ अंशांवर दहा. शुक्र त्यातूनही दिसतो. पुष्याचे तारे सहाव्या प्रतीचे (नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे) आणि त्याखालचे, ते गेलेच म्हणून समजा.

पुंजासाठी किमान २० अंश उंची धरा. हात लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली की वीतभर अंतर साधारण २० अंश. वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की दुसऱ्या संध्याकाळी हवा लै भारी असते. कॅमेरा भरलेला ठेवा.

नवशिक्या_उपनगर

माझ्याकडे फक्त फोन आणि १०×५० द्विनेत्री आहे. काही जमेल काय?

शटर_शास्त्री

जमेल की. चंद्र आणि शुक्र किंवा गुरू, एवढे नक्की. कृत्तिकांचा नाद फोनवर करू नका.

द्विनेत्री ट्रायपॉडवर घट्ट बसवा, बहुतेकींना पुढच्या बाजूला टोपीखाली स्क्रू असतो, त्याला एल-आकाराचा अडॅप्टर लागतो. फोनचा मुख्य कॅमेरा वापरा, वाइड नको. तीन लेन्सचे फोन मधेच आपणहून लेन्स बदलतात, म्हणून प्रो मोडमध्ये १× वर कुलूप लावा. भिंगापासून फोन थोडा लांब धरून उजेडाची चकती पडद्यावर पूर्ण गोल दिसेपर्यंत पुढे-मागे करा. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर मध्य चुकलाय. मग चंद्रावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर अडकवा, उजेडाची पट्टी खाली ओढा. आयएसओ १००, १/१२५ पासून सुरू करा. नाइट मोड बंद, तो चंद्राला हमखास फुगवतो. तीन सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्का तेवढ्यात विरतो.

काही फोन चंद्र ओळखून त्याच्यावर स्वतःच्या मनाने तपशील रंगवतात. 'सीन' ओळखणारा पर्याय बंद करा.

ध्रुवशोधक

ट्रॅकरवाल्यांसाठी. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून फक्त १६.७ अंश वर. शहरात तो शेजारच्या टाकीमागे नाहीतर नारळामागे असतो. वरून त्याच उंचीवर धूर. तो दिसला तर उत्तम, मात्र लक्षात ठेवा : तारा प्रत्यक्ष ध्रुवबिंदूपासून साधारण ४० कला बाजूला आहे.

नाही दिसला तर होकायंत्र आणि फोनचा कोनमापक. दोन अंश चुकले तरी जास्तीत जास्त घसरण सेकंदाला अर्धी विकला. २०० मिमीला आठ सेकंदांत एक पिक्सेल. चंद्रासोबतच्या फोटोला आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त उघडायचे नसतेच, चंद्राचा उजेड आभाळ धुऊन काढतो. तेव्हा ध्रुव सापडला नाही म्हणून परत फिरू नये.

कमी अक्षांशाची दुसरी अडचण यांत्रिक. माउंट इतका आडवा होतो की प्रतिवजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला आपटते. ट्रायपॉडचे पाय फिरवून बघा. तरीही अडलीच तर मध्ये उंचीचा तुकडा घालावा लागतो. स्टेपर मोटर अशी अडकून राहिली की ट्रॅकिंग थांबते आणि कळतही नाही, सगळ्या फ्रेम्समध्ये काड्या.

मावळतीकर

उत्तम चाललेय. आणखी एक नेहमीची तक्रार : चंद्र जळवून पुंज घेतला की फ्रेममध्ये हिरवट किंवा निळसर छोटा चंद्र उमटतो. ते लेन्समधले परावर्तन. ते नेहमी चौकटीच्या मध्याच्या बरोबर समोरच्या बाजूला पडते. चंद्र वर उजवीकडे, तर भूत खाली डावीकडे. म्हणून चंद्र आणि पुंज मध्याच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवू नका, भूत नेमके पुंजावर बसते. दोघांना एकाच बाजूला घ्या, किंवा चंद्र ठीक मध्यावर, म्हणजे भूत त्याच्याच खाली दबते. यूव्ही फिल्टर काढा. अर्धे परावर्तन तिथलेच.

शुक्राभोवती किरणे हवी असतील तर एफ/८ किंवा ११. लेन्सच्या छिद्राला सम पाती असतील तर तितकीच किरणे, विषम असतील तर दुप्पट. मला ती आवडत नाहीत, पण लोकांना आवडतात.

पिक्सेलमोजे

फोकसही राहिला. रिंगवरचे अनंत चिन्ह हे अनंत नव्हे. लाइव्ह व्ह्यू १०× करून चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर फोकस करा, रिंगला कागदी टेप लावा, आणि तासाभराने पुन्हा तपासा, कारण गारव्याने लेन्स आकसते. ट्रायपॉडवर आयएस (लेन्समधले कंप-नियंत्रण) बंद. मधली दांडी खाली. वाऱ्यात पिशवी लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, झुलती पिशवी स्वतःच धक्के देते.

रात्रपाळी_९

दोन एक्स्पोजर जोडून केलेला फोटो हा 'खरा' धरायचा का? यावर दुसरीकडे बरीच हाणामारी झाली.

शटर_शास्त्री

माझे मत : त्याच लेन्सने, त्याच ट्रायपॉडवरून, दोन-चार मिनिटांच्या आत घेतलेले फ्रेम जागच्या जागी जोडले तर खरा. डोळ्याला कोर आणि पृथ्वीप्रकाश एकाच वेळी दिसतात, सेन्सरला दिसत नाहीत, ती उणीव भरून काढली एवढेच. ६०० मिमीचा चंद्र आणून ५० मिमीच्या आभाळावर चिकटवला तर ते चित्र, फोटो नव्हे. चंद्राच्या काळ्या भागात तारे दिसले की समजावे चिकटवलाय. काहीही असो, खाली लिहून टाकावे.

तिथीपाहुणा

बाकी सहमत, एका गोष्टीत नाही. चार मिनिटांत चंद्र दोन कलांनी सरकतो. पिधानाच्या वेळी तेवढ्यात तारा आत जातो. तिथे एक मिनिटच.

पिधानाविषयी थोडे. शुक्ल पक्षात तारा चंद्राच्या काळ्या कडेआड जातो, म्हणून दिसायला सोपे. वद्य पक्षात उजळ कडेआड जातो आणि काळ्या कडेकडून बाहेर येतो, तिथे नेमकी जागा माहीत हवी. चंद्राला वातावरण नसल्यामुळे तारा मंद होत नाही, दिवा मालवावा तसा फट्‌दिशी जातो. गुरूसारखी ४० विकलांची चकती मात्र सव्वा मिनिट घेते, कडा तिरपी लागली तर जास्त. व्हिडिओ घ्यायचा तर सेकंदाला ३० फ्रेम पुरे.

युती-पिधानांच्या कोष्टकातले अंतर पृथ्वीच्या केंद्रावरून दिलेले असेल तर आपल्याकडे जवळजवळ एक अंशापर्यंत फरक पडतो, म्हणजे दोन चंद्रबिंबे. चंद्र जवळ आहे, त्यामुळे तो क्षितिजाकडे खाली ओढल्यासारखा दिसतो. दिल्ली आणि कोल्हापूर यांच्यातसुद्धा १२ कलांपर्यंत फरक. दिल्लीच्या बातमीत 'चंद्राआड जाणार' म्हटले म्हणून इथे जाईलच असे नाही, आणि उलटही. स्टेलॅरियम या आभाळ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ठिकाण कोल्हापूर घालून बघा, केंद्रावरून बघायचा पर्याय बंद हवा.

तारखेचा घोळही होतो. परदेशी कोष्टकात '२० तारीख, २०:०० जागतिक वेळ' असेल तर आपल्याकडे २१ ची पहाट, १:३०. साडेपाच तास मिळवायचे, वजा नाही.

गुऱ्हाळधूर

आणि दव. नदीकाठी किंवा तलावाशेजारी डिसेंबरात दहानंतर लेन्सच्या काचेवर दव बसते. चंद्राभोवती अचानक सुंदर कडे दिसायला लागले की खुश होऊ नका, काच आधी बघा. फडक्याने पुसले की पुन्हा बसते आणि ओरखडे वेगळे. पाच व्होल्टची गरम होणारी यूएसबी पट्टी पुढच्या काचेच्या मागे, फोकस रिंग मोकळी सोडून गुंडाळा, पॉवर बँकेवर रात्र निघते. दव बसायच्या आधी लावायची. बसल्यावर लावली तर वाळायला बराच वेळ खाते.

नवशिक्या_उपनगर

चैत्रातल्या संध्याकाळी नेमके किती वाजता उभे राहायचे?

मावळतीकर

मार्चअखेरीस इथे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. सव्वासातपर्यंत मांडामांड, फोकस, टेप. सव्वासात ते पावणेआठ निळे आभाळ, त्यात कोर, पृथ्वीप्रकाश आणि असेल तो ग्रह. कृत्तिकांना घाई नको, आठला आभाळ पुरते काळे होते. तृतीया-चतुर्थी असेल तर त्या वेळी जोडी वीस-पंचवीस अंशांवर असते, म्हणजे धुराच्या पट्ट्यात जायच्या आत हातात अर्धा-पाऊण तास. षष्ठीला चाळीसच्या आसपास, निवांत. वसंतात क्रांतिवृत्त आपल्याकडे पश्चिमेला जवळजवळ उभे असते, त्यामुळे कोर होडीसारखी आडवी आणि पुंज बहुतेक वेळा तिच्या वर किंवा खाली. म्हणून कॅमेरा उभा धरा.